पळसमैना आणि कोयता

बीड म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो, फार तर परळी वैजनाथ. पण माघात एखाद्या वीकांताला पाटोद्याकडे बालाघाटाच्या माळावर पायी फिरून बघा. (तिथलं नायगाव मयूर अभयारण्य 1994 सालचं. मोर भेटतीलच, पण आज ते बाजूला ठेवू.)

करडई पिवळीधमक, हरभरा घाट्यात आलेला, तारेवर नीलपंख, बांधावर शेपटी हलवत धोबी. आणि पानं झडलेल्या पळसाला पहिली केशरी फुलं आली की त्यावर हा कलकलाट! गुलाबी अंग, काळं डोकं. या पळसमैना, उर्फ भोरड्या. वीण मध्य आशियात, हिवाळा आपल्याकडे. पळसाचा मध पिता पिता परागीभवनही करून जातात.

शेतकऱ्याचं मत अर्थातच वेगळं. मध ही चैन झाली, पोट भरतं हुरड्यात आलेल्या ज्वारीवर. म्हणून शेतात माळा बांधायचा आणि गोफण घेऊन राखणीला बसायचं.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. 1931 मध्ये सलीम अलींनी या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली. तशी कुणी गोफणवाल्यांचीही करायला हवी होती, असं मला फार वाटतं. कारण पुढे माळ्यावरची माणसंच बदलली.

1948 मध्ये संस्थान भारतात आलं. 1950-51 च्या हंगामात तिकडे प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढतच गेले. ऊस तोडायला हात हवे होते, आणि इथे पाणी नव्हतं. 1972 च्या दुष्काळाने तर ही वाट पक्कीच केली. उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचं, पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत. मोजमाप 'कोयत्या'त: नवरा-बायको मिळून एक कोयता. (आमच्या 'मॅन-मंथ'ला हसणाऱ्यांनी हे एकक बघावं. यात बाई अर्धा कोयता!)

म्हणजे भोरड्याही एप्रिलपर्यंत परततात आणि माणसंही, फक्त दिशा उलट्या. पाहुणे हजारोंनी उतरलेले असतात तेव्हा गावातली धडधाकट माणसं उसाच्या फडात.

मग राखणीला कोण? मला भेटल्या त्या एक आजी. मी कॅमेरा रोखून उभा, थवा पळसावरून उठून थेट त्यांच्या ज्वारीत. त्या माळ्यावरून ओरडल्या, "फोटू काय काढायलास लेकरा, दोन गोटे हाण की!"