सागरी प्राणी, उपद्रवी (सुरत किनारा)

तापीच्या मुखानजीकच्या डुमस, हजिरा व सुवाली येथील गढूळ, उथळ पाण्यात मनुष्यास इजा करू शकणारे प्राणी आणि त्यांच्याविषयी लोकांत असलेली भीती. उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर राबणारा जो खानदेशी समाज गणेशविसर्जनाच्या निमित्ताने या किनाऱ्यावर लोटतो, त्याच्या मनात समुद्राचे भय म्हणजे प्रायः मोरीचे, अर्थात शार्कचे भय होय. ते सर्वस्वी निराधार नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोरनजीक वैतरणेच्या खाडीत मासे धरणाऱ्या एका तरुणाच्या पायाचा लचका मोरीने तोडला. परंतु असे प्रसंग भारतीय किनाऱ्यावर अत्यंत विरळ आहेत. सौराष्ट्राच्या समुद्रात येणारी अजस्र व्हेल शार्क तर सूक्ष्म प्लवकांवर जगते. नावांच्या लाकडास चोपडण्याच्या तेलासाठी तिचीच शिकार होत असे, आणि २००१ साली सरकारास तिला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले.

खरी जोखीम जाळे ओढणाऱ्या खलाशाच्या हातांना असते. भरती-ओहोटीच्या ओढीत रोवलेल्या डोलीच्या जाळ्यात बोंबलांबरोबर सागरी सर्पही येतात; त्यांपैकी शिंगाळ्यांवर उपजीविका करणारा चोचीचा सर्प, हायड्रोफिस शिस्टोसस, विशेष घातक. दंश बहुधा वेदनारहित असतो व पुष्कळदा विषही उतरत नाही, म्हणून त्याची हयगय होते; उतरले तर काही वेळाने स्नायू दुखू लागतात, लघवी काळसर होते, आणि श्वसन व मूत्रपिंडे दोन्ही धोक्यात येतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषांवर आपल्याकडे तयार होणारी लस येथे निरुपयोगी ठरते, ही गोष्ट किनाऱ्यावरील प्रत्येक दवाखान्याच्या दप्तरी नमूद असावयास हवी. ऑस्ट्रेलियात या सर्पाच्या विषापासून लस तयार होते. येथे मात्र कृत्रिम श्वसन व मूत्रपिंडांची निगा यांवरच भिस्त.

पाकटाच्या शेपटीचा काटा वाळूत पाय पडताच रुततो. सप्टेंबर २०१३ मध्ये विसर्जनाच्या वेळी मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना त्याचा प्रसाद मिळाला. पाकटाचे विष उष्णतेने निकामी होत असल्याने सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडविल्यास वेदना शमतात. काट्याचा तुकडा आत राहिल्यास डॉक्टरकडेच जावे. शिंगाळ्याच्या काट्यालाही हाच उपाय लागू पडतो.

डुमसला स्नान करणाऱ्याच्या जिवावर बेतते ते बहुधा प्राण्यांमुळे नव्हेच, तर खंबायतच्या आखाताच्या प्रचंड भरतीमुळे व पायाखाली खचणाऱ्या चिखलामुळे. तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी मोरीची चौकशी करण्यापेक्षा भरतीची वेळ विचारावी.