लोट्याचे सौंदर्य आणि स्पर्शाचा प्रश्न

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून या देशात फिरले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल दिला. त्यातूनच १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंत त्यांना थोर वाटला तो साधा लोटा. तो कोणा एकाची निर्मिती नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांनी तो घडवला, हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी प्रश्न मांडले : त्यात पाणी किती मावावे? तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात? तोल कसा राहील? तळहातात तो कसा बसेल? किंमत किती? चिंच आणि राख लावून रोज पितळेचे सोने करणाऱ्या खेड्यातल्या बायकाही त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत.

वस्तूचे सौंदर्य वापरात शोधणारी ही दृष्टी श्रमाचा मान राखते. पण त्या यादीत एक प्रश्न नाही : या लोट्याला हात कोणी लावायचा नाही?

आपल्याकडे भांड्याला आकार कारागिराने दिला. त्याला शिवायचे कोणी, हे मात्र जातीने ठरवले. विटाळलेले धातूचे भांडे घासून ‘शुद्ध’ होई, मातीचे फोडले जाई. पेशवाईत पुण्यातल्या अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. तेच मडके कुणाच्या घरात तहान भागवी, कुणाच्या गळ्यात अपमान होऊन लटके.

पुढे नळ आला. तोटी फिरवली की पाणी! पण शाळकरी भीमरावाला तोटीला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहान. वस्तू आधुनिक झाली, तिच्याभोवतीचा समाज झाला नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीने घेतले. माणसाचे पहिले भांडे म्हणजे त्याची ओंजळ, आणि त्या दिवशी तिच्यावरचीच बंदी मोडली गेली. अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा देणारा कायदा १९५५ साली झाला. ईम्स यांचा अहवाल त्यानंतर तीन वर्षांनी आला, तरीही स्पर्शाचा प्रश्न लोट्याच्या यादीबाहेरच राहिला.

कारागिरी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मित्रांनो, तोल, वजन आणि आकार जरूर तपासा. पण जी वस्तू काही हातांना नाकारली जाते, तिचे सौंदर्य अपुरे आहे. म्हणून यादीतला पहिला प्रश्न हाच असू द्या : ही वस्तू सर्वांच्या हातांसाठी आहे काय?