सीकेएलडब्ल्यू (‘द बिग एट’)

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील विंडसर शहरातून ८०० किलोहर्ट्झवर चालणारे मध्यम लहरींचे रेडिओ केंद्र. १९६७ पासून पुढची दहा-बारा वर्षे ते ‘द बिग एट’ या नावाने गाजले. केंद्र कॅनडाचे, पण बहुसंख्य श्रोते अमेरिकेचे, हे त्याचे वेगळेपण. डेट्रॉइट नदीच्या एका काठाला विंडसर आणि समोरच्या काठाला मोटार-कारखान्यांचे डेट्रॉइट शहर. परवाना आणि नियम एका देशाचे, जाहिरातींचा पैसा दुसऱ्या देशाचा, असा हा कारभार होता. केंद्राची भरभराट या सरहद्दीमुळे झाली आणि पुढे त्याची कोंडीही तिच्यामुळेच झाली.

केंद्राचे प्रक्षेपण २ जून १९३२ रोजी ‘सीकेओके’ या नावाने सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्याचे नाव सीकेएलडब्ल्यू झाले. त्यातील ‘एल’ ऑन्टॅरिओमधल्या लंडन शहराचा आणि ‘डब्ल्यू’ विंडसरचा. १९३५ मध्ये ते म्यूच्युअल या अमेरिकी प्रक्षेपण-जाळ्यात सामील झाले, म्हणजे अमेरिकी श्रोत्यांकडे त्याचा कल पहिल्यापासूनच होता. १९४१ मध्ये ते ८०० किलोहर्ट्झवर आले आणि १९४९ मध्ये त्याची प्रक्षेपणशक्ती ५०,००० वॅट झाली. आता डेट्रॉइटच नव्हे, तर ओहायो राज्यातील टोलीडो आणि एरी सरोवरापलीकडचे क्लीव्हलँडही त्याच्या टापूत आले.

पन्नाशीच्या दशकात केंद्राची मालकी आरकेओ या अमेरिकी कंपनीकडे गेली. लॉस एंजलिसचे केएचजे केंद्रही याच कंपनीचे. तिथे बिल ड्रेक या सल्लागाराने १९६५ मध्ये ‘बॉस रेडिओ’ची घडी बसवली होती : मोजकी गाणी पुन्हा पुन्हा वाजवायची, निवेदकांनी पाल्हाळ लावायचा नाही, केंद्राची नाममुद्रा दोन-तीन सेकंदांत गाऊन संपवायची आणि दोन गाण्यांमध्ये क्षणभरही शांतता राहू द्यायची नाही. एप्रिल १९६७ मध्ये हीच पद्धत विंडसरला आली. डेट्रॉइटच्या तरुणांवर तोवर डिअरबॉर्नच्या डब्ल्यूकेएनआर केंद्राचे राज्य होते. त्याची शक्ती अवघी ५,००० वॅट. काही महिन्यांतच ते मागे पडले.

गाण्यांइतक्याच बातम्याही गाजल्या. प्रत्येक तासाला वीस मिनिटांनी आणि तास संपायला वीस मिनिटे असताना ‘२०/२० न्यूज’ लागत. टेलिप्रिंटरचा खडखडाट, अनुप्रासांनी ठासून भरलेली वाक्ये आणि डेट्रॉइटमधल्या खून-दरोड्यांची भडक वर्णने, असा त्यांचा थाट होता. या शैलीवर टीका झाली, तरी बातम्या लागल्या म्हणून श्रोता दुसरीकडे वळत नसे. वृत्तप्रमुख बायरन मॅकग्रेगर यांच्या धीरगंभीर आवाजाने तर तबकडीही खपवली. टोरोंटोचे भाष्यकार गॉर्डन सिंक्लेअर यांनी १९७३ मध्ये अमेरिकेची बाजू घेणारे एक टिपण रेडिओवर वाचले होते. मॅकग्रेगर यांनी केलेल्या त्याच्या वाचनाची ‘द अमेरिकन्स’ ही तबकडी १९७४ च्या सुरुवातीला बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचली.

केंद्राची खरी सत्ता मात्र संगीत-विभागाच्या प्रमुख रोझली ट्रॉम्ब्ली यांच्या हाती होती. १९६३ मध्ये त्या टेलिफोन आणि स्वागतकक्ष सांभाळायला रुजू झाल्या, पुढे तबकड्यांच्या संग्रह-विभागात गेल्या आणि १९६८ मध्ये कोणते गाणे वाजवायचे हे ठरवणाऱ्या झाल्या. त्यांनी निवडलेले गाणे एकाच वेळी दोन देशांत आणि अनेक शहरांत ऐकू जाई. साहजिकच तबकडी-कंपन्यांचे प्रतिनिधी त्यांच्या दारी खेटे घालत. गोऱ्यांचे संगीत वेगळे आणि काळ्यांचे वेगळे, ही विभागणी त्यांनी मानली नाही; रॉकच्या शेजारी मोटाउन या डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय संगीताच्या कंपनीची गाणी वाजत. एल्टन जॉन यांच्या ‘बेनी अँड द जेट्स’ची स्वतंत्र तबकडी निघावी असा आग्रह त्यांनी धरला. गायकाचा स्वतःचा कौल वेगळ्या गाण्याला होता. पण डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांनीही ‘बेनी’ उचलून धरले आहे हे दिसल्यावर जॉन यांनी मान्यता दिली आणि एप्रिल १९७४ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. डेट्रॉइटचेच गायक बॉब सीगर यांनी १९७३ मध्ये ‘रोझली’ हे गाणे ट्रॉम्ब्लींवरच रचले; १९७५ मध्ये आयर्लंडच्या थिन लिझी या वाद्यवृंदाने ते पुन्हा गायले.

दरम्यान, कॅनडा सरकारने प्रक्षेपण-क्षेत्रातील परकीय मालकीवर मर्यादा घातली आणि १९७० मध्ये आरकेओला केंद्र सोडावे लागले. बेटन ही कॅनडाची कंपनी नवी मालक झाली. १८ जानेवारी १९७१ पासून दुसरा नियम आला : एएम केंद्रांवरील ३० टक्के गाणी कॅनडाची असलीच पाहिजेत. संगीतकार, गायक, निर्मिती आणि गीतकार या चार निकषांपैकी दोन पुरे झाले की गाणे ‘कॅनडाचे’ ठरे. नदीपलीकडच्या स्पर्धकांना असे कोणतेच बंधन नव्हते. ट्रॉम्ब्लींनी या सक्तीतूनही काही यश काढले. व्हँकूव्हरच्या स्कायलार्क या वाद्यवृंदाचे ‘वाइल्डफ्लॉवर’ त्यांनी स्वतंत्र तबकडी निघण्याआधीच वाजवायला घेतले आणि १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या पहिल्या दहांत आले. मात्र दर आठवड्याला असे गाणे सापडणे शक्य नव्हते.

निर्णायक फटका एफएमचा बसला. सत्तरच्या दशकात श्रोते स्वच्छ, स्टिरिओ आवाजाकडे वळू लागले. केंद्राकडे ९३.९ मेगाहर्ट्झची एफएम वाहिनी होती, पण कॅनडाच्या नियामकाने एफएमवर गाजलेल्या गाण्यांचे प्रमाणच मर्यादित ठेवले होते. त्यामुळे ‘बिग एट’ला तिकडे मुक्काम हलवता आला नाही. डेट्रॉइटच्या एफएम केंद्रांना अशी अडचण नव्हती. १९८४ मध्ये मोठी कर्मचारीकपात झाली आणि ट्रॉम्ब्लीही बाहेर पडल्या. १९८५ च्या आरंभी ‘के-८००’ या नावाने जुन्या बिग बँड संगीताचे यंत्रचलित प्रसारण सुरू झाले. १९९३ मध्ये मालकी चम या कंपनीकडे गेली आणि केंद्र बातम्या व चर्चांकडे वळले. आज ते ‘एएम ८००’ म्हणून ओळखले जाते.

‘रेडिओ रेव्होल्यूशन : द राइज अँड फॉल ऑफ द बिग एट’ हा माहितीपट २००४ मध्ये निघाला. ट्रॉम्ब्लींना २०१६ मध्ये कॅनडाच्या जुनो संगीत-सन्मानांतील वॉल्ट ग्रीलिस पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये विंडसरमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.