यादीत नसलेले यंत्र

इक्विफॅक्स ही अमेरिकेतील कोट्यवधी कर्जदारांच्या पतीची नोंद ठेवणारी कंपनी. ७ मार्च २०१७ रोजी अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील गंभीर त्रुटी जाहीर झाली. दोनच दिवसांत कंपनीत आदेश निघाला : ४८ तासांत दुरुस्ती करा. चारशेहून अधिक जणांना तो पोहोचला. परंतु स्ट्रट्स नेमके कोणकोणत्या यंत्रणांवर चालते, हे सांगणारी परिपूर्ण यादीच नव्हती. स्कॅनर फिरले आणि रिकाम्या हाताने परतले. ग्राहकांच्या तक्रारींचे जुने पोर्टल तसेच उघडे राहिले.

मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले, ते ७६ दिवस वावरले. रहदारी तपासणाऱ्या उपकरणाच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती. पहारेकरी जागेवर, पण डोळे मिटलेले! २९ जुलैला नवे प्रमाणपत्र बसताच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती.

संगणक-मालमत्तेच्या व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर निवडताना संस्था बहुधा किंमत आणि देखणे डॅशबोर्ड पाहतात. कसोटी मात्र वेगळीच हवी. नोंद नसलेले यंत्र ते स्वतःहून हुडकते काय? त्यावरील सॉफ्टवेअरची आवृत्ती, प्रमाणपत्राची मुदत आणि जबाबदार माणसाचे नाव सांगते काय? २०१९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने आपल्या अहवालात याच यादीच्या अभावावर बोट ठेवले.