शाईतला डिंक, दातांची पेस्ट आणि आपली सरकी

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर म्हणजे महानुभावांची काशी. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी येथेच ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. जुन्या पोथ्यांची शाई आपल्याकडे काजळ आणि बाभळीचा डिंक पाण्यात खलून करीत. डिंक कशाला? तर नुसते काजळ पाण्यात ठरत नाही, डिंक त्याला धरून ठेवतो. एवढे ध्यानात घेतले की टूथपेस्टचा इतिहास समजायला सोपा जातो.

आपल्या वाडवडिलांनी दात घासले ते बाभळीच्या नाही तर कडुलिंबाच्या काडीने, किंवा राखुंडीने. भुकटीला डिंकाची गरज नव्हती. १८७३ साली अमेरिकेत कोलगेट कंपनीने बरणीतून पेस्ट विकायला काढली आणि १८९६ साली ती नळीत भरली. तेव्हा शाईचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पेस्ट म्हणजे खडूसारखी बारीक भुकटी, ग्लिसरीन, पाणी, थोडा फेस आणि थोडा सुवास. यांना बांधणारे काही नसेल, तर नळी दाबताच आधी पाणी गळायचे आणि मागून घट्ट गोळा यायचा! म्हणून शंभर भागांत सुमारे एक भाग दाटपणा आणणारा पदार्थ घालतात. भाग लहान, पण सगळी भिस्त त्याच्यावर.

पहिल्याने इराणकडचा ट्रॅगाकांथ डिंक आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे समुद्रशेवाळ कामी आले. ट्रॅगाकांथला पर्याय म्हणून आपल्याकडच्या कडईचा डिंकही जगाच्या बाजारात गेला. कवळी चिकटवण्याच्या भुकटीत तो वापरीत. मेळघाटच्या डोंगरात ही झाडे आहेत. पण झाडाच्या डिंकाचे दोन दोष. दरसालचा माल सारखा उतरत नाही, आणि त्याला बुरशी धरते. त्यात दुसऱ्या महायुद्धाने समुद्रमार्ग अडले आणि परदेशी डिंकाची आवक विस्कळीत झाली.

तोवर पर्याय निघाला होता. १९१८ च्या सुमारास जर्मनीत सेल्युलोजवर कॉस्टिक सोडा आणि क्लोरोअॅसेटिक आम्ल यांची प्रक्रिया करून पाण्यात विरघळणारा दाट पदार्थ तयार झाला. त्याला सीएमसी म्हणतात. हे सेल्युलोज येते कोठून? लाकडाच्या लगद्यातून, आणि सरकीवर राहिलेल्या आखूड लवेतून! म्हणजे इराणच्या झाडाची जागा कपाशीच्या बोंडाने घेतली.

मात्र सीएमसी सर्वांशी जमवून घेत नाही. पेस्टीत क्षार फार असले तर तो नीट फुगत नाही. काही जंतुनाशकांचा विद्युत्भार त्याच्या उलट असतो. त्यांच्याशी तो बांधला जातो आणि औषध निकामी होते. बुरशीतले पाचक रस त्याचेही तुकडे पाडतात, मग पेस्ट पातळ होते. म्हणून कारखानदार कोठे विद्युत्भार नसलेला सेल्युलोजचाच दुसरा प्रकार, कोठे कार्बोमर, कोठे सूक्ष्मजंतूंकडून करवून घेतलेला झॅन्थन डिंक निवडतो. सोबती पाहूनच डिंक ठरवायचा, असा हा व्यवहार आहे.

आता आपला हिशेब पाहू. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात येथला कापूस विलायतेला धावला, आणि कापड तिकडून आले. कास्तकाराच्या हाती कच्च्या मालाचे मोल तेवढे राहिले. आज भारतात सीएमसीचे कारखाने आहेत. तरी आपल्याकडची पुष्कळ सरकी लवेसकट घाण्यात जाते, आणि ती लव ढेपेतून गुरांच्या गव्हाणीत उतरते. कपाशी पिकवणाऱ्या गावांनी तिच्या लवेचे मोल ओळखले पाहिजे.

शिक्षकांना एक सुचवतो. दोन पेल्यांत पाणी घ्या, एकात डिंक विरघळवा, दोहोंत खडूची भुकटी ढवळा आणि मुलांना पाहू द्या. त्याबरोबर हेही सांगा, की पेस्ट दाट म्हणून गुणकारी ठरत नाही. दाटपणा हा नळीच्या सोयीसाठी. दात राखते ते रोजचे नीट घासणे आणि फ्लोराइड. आणि मशेरी? तिच्यात तंबाखू आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली; पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा कोठवर अडवणार? तेथे मुलांनी आईला, आजीला सांगितलेलेच खरे.