झोपाळा, घसरगुंडी आणि सी-सॉ

सदाशिव पेठेच्या दक्षिण अंगाला, सारसबागेलगतच्या पेशवे उद्यानात १९५६ साली मुलांसाठी छोटी आगगाडी धावू लागली. तिचे नाव ‘फुलराणी’. यंत्र परके असले तरी नाव घरचे ठेवता येते, याचे हे पुणेरी उदाहरण. बागेतील इतर साधनांच्या नावांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

झुलण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. नागपंचमीला झाडाला बांधतात तो झोका. घरात कड्यांना टांगतात तो झोपाळा, त्यालाच विदर्भात बंगई म्हणतात. कवितेत त्याचा हिंदोळा होतो. तान्ह्या बाळाचा पाळणा जत्रेत जाऊन आकाशपाळणा झाला. त्याच जातीच्या चक्राला अमेरिकेत, १८९३च्या शिकागो प्रदर्शनानंतर, जॉर्ज फेरिस या अभियंत्याचे नाव चिकटले. फ्रेंच त्याला नुसते ‘मोठे चाक’ म्हणतात.

घसरगुंडीचे नाव क्रियेवरून पडले. इंग्रजी ‘स्लाइड’ही तसाच. फ्रान्समध्ये मात्र तिला ‘टोबॉगन’ म्हणतात. हा शब्द मूळचा कॅनडातील आदिवासींच्या, बर्फावरून ओढायच्या गाडीचा. इंग्रजीत तो गाडीपुरताच राहिला, फ्रान्समध्ये बागेत आला, तर क्वेबेकचे फ्रेंचभाषक घसरगुंडीला घसरण्यावरूनच ‘ग्लिसाद’ म्हणतात.

उरली ती दोन टोकांवर बसून वरखाली व्हायची फळी. इंग्रजांच्या ‘सी-सॉ’त करवतीच्या पुढेमागे होणाऱ्या लयीचा नाद आहे, अमेरिकेत ‘टीटर-टॉटर’ही चालतो, फ्रेंच ‘बास्क्यूल’ वजनकाट्यालाही लागू पडतो. आमच्याकडे तराजू, तागडी, काटा हे सारे हाताशी होते. तरी पुण्यातल्या मुलांच्या तोंडी सी-सॉच राहिला. फळी बागेत आली ती नावासकट.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. आमच्या मते फरक पडतो तो लक्षणेत. भावांची घसरगुंडी होते, मन झोके घेते. पण दोन बाजूंमधली ओढाताण सांगताना इंग्रजी लेखक ‘सी-सॉ’कडे वळतो, तेव्हा आपण ‘आशानिराशेच्या हिंदोळ्यावर’ असे लिहितो. उसन्या शब्दाने वस्तूचे नाव भागवले, प्रतिमेचे काम मात्र जुन्या शब्दाकडेच राहिले.

म्हणून वर्गात ध्वनिपरिवर्तनाचे नियम सांगताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या गावी झोपाळ्याला काय म्हणतात? नव्या सदनिकांच्या छतांना कड्या क्वचितच असतात. बंगई हा शब्द जिच्या तोंडी सहज येतो, ती पिढी आहे तोवर ही उत्तरे वहीत उतरवून घेतली पाहिजेत.