काडतुसाची चरबी व नळींतील काजळी

इ. स. १८५७ च्या उठावाचा विषय निघाला कीं काडतुसांच्या चरबीची हकीकत येतेच. ती चरबी गाईची कीं डुकराची, या वादांत पुष्कळ शाई खर्चीं पडली आहे. परंतु काडतुसास चरबी लावण्याचें कारणच काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचें उत्तर बंदुकीच्या नळींत आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

शुक्रनीतीच्या चौथ्या अध्यायांत बंदूक भरण्याचा क्रम दिला आहे. प्रथम नळी साफ करावी, नंतर दारू घालून ती गजानें ठासावी, मग गोळी व शेवटीं कानापाशीं रंजक. हें प्रकरण बरेंच अर्वाचीन असावें असें अनेक विद्वानांचें मत आहे. तथापि लिहिणारास बंदुकीची चांगली माहिती होती, कारण शोधनास त्यानें पहिलें स्थान दिलें. सोरा, गंधक व कोळसा यांची दारू पेटली म्हणजे तिचा सगळा धूर होऊन जात नाहीं. नोबल व एबल या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८७५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून, वजनानें निम्म्याहून अधिक भाग क्षाररूपानें मागें उरतो असें ठरलें. हा मळ उष्ण व कोरड्या हवेंत कठीण होतो आणि पुढची गोळी खालीं उतरूं देत नाहीं.

जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीस यावर सोपा उपाय होता. नळी सुमारें ०.७५ इंचाची, तर गोळी सुमारें ०.६९ इंचाची, काजळी धरली तरी गोळी उतरे. मात्र नेम जवळचाच साधे. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीची नळी ०.५७७ इंच व गोळी ०.५६८ इंच. म्हणजे मोकळीक इंचाच्या शंभराव्या हिश्शाहूनहि कमी, आणि आंत पिळाचे तीन चर. ती मोकळीक गोळीभोंवतालच्या कागदी वेष्टनानेंच भरून निघे. तें वेष्टन स्निग्ध असेल तरच गोळी सरके व मागचा मळ मऊ पडे. लांबचा नेम हवा तर वंगण अपरिहार्य, असा हा कार्यकारणभाव आहे.

यावरून, चरबी केवळ शिपायांस बाटविण्याकरितां योजिली हा समज टिकत नाहीं. परंतु सरकारहि दोषमुक्त होत नाहीं. यंत्रास स्निग्ध पदार्थ हवा होता. तो कोणत्या प्राण्याचा असावा हें यंत्र सांगत नव्हतें. कर्नल टकर यांनीं १८५३ मध्येंच याविषयीं धोक्याची सूचना दिली होती. १८५७ च्या जानेवारीअखेर शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण लावावें अशी मुभा मिळाली. पण तोंवर वार्ता पसरली होती. २४ एप्रिल रोजीं मीरत येथें ९० पैकीं ८५ स्वारांनीं जीं काडतुसें नाकारलीं, तीं तर जुन्याच तऱ्हेचीं होतीं! विश्वास गेल्यावर वस्तुस्थिति विचारतो कोण? पुढें वंगणांत मेणाचा अंश वाढविण्यांत आला व १८५९ च्या सुमारास गोळीहि ०.५५ इंचांवर आणली गेली. मोकळीक वाढवितां येत होती, याचा हा पुरावाच होय.

ज्यांच्या संग्रहीं जुन्या बंदुका आहेत त्यांस एक विनंति. नळी भरलेली नाहीं याची जाणकाराकडून खात्री करून घेतल्यावर, आधीं तिचा आंतील व्यास मोजून टिपून ठेवावा. चरांची संख्या व नळीवरील अक्षरेंहि उतरून घ्यावींत. उरलेले क्षार ओल धरून लोखंड खातात. सबब ते काढलेच पाहिजेत. त्यांस ऊन पाणी व गजास गुंडाळलेली चिंधी पुरे. नळी पूर्ण कोरडी करून तेलाचा हात द्यावा. विटेच्या पुडीनें मात्र घासूं नये. त्यानें चकाकी येते. पण चर झिजतात, अक्षरें पुसलीं जातात आणि ज्या मापावरून वरील अनुमान निघालें तें मापच खोटें ठरतें.